दिवाण: कारभारी, कविता, कोर्ट आणि पलंग

प्रश्न असा आहे: बडोद्याचा दिवाण, दिवाणी दावा, वाड्यातला दिवाणखाना, गालिबचा दीवान आणि हॉलमध्ये गादी घालून ठेवलेला लाकडी दिवाण हा सगळा एकच शब्द की केवळ उच्चारांचा योगायोग? आणि फ्रेंचमध्ये सीमाशुल्क खात्याला 'दुआन' म्हणतात, त्याचा याच्याशी जोडला जाणारा संबंध खरा आहे का?

संबंध खरा आहे, आणि ही सहाही एकाच शब्दाची रूपे आहेत. पण ती एका वेळी, एका वाटेने आलेली नाहीत. मराठीपुरतेच बोलायचे तर पहिली तीन रूपे फारसी राज्यकारभारातून आली, चौथे दखनी-उर्दू कवितेतून, आणि पलंगवाले रूप पार युरोपाला वळसा घालून इंग्रजीमार्गे परत आले. म्हणून कोशात एका शब्दाखाली पाच-सहा अर्थ ओळीने पाहून डोके चक्रावते. ते अर्थ काळाच्या क्रमाने लावले की प्रत्येकाची जागा कळते.

मूळ रूप मध्य फारसीतले, म्हणजे इस्लामपूर्व इराणच्या सासानी राजवटीतल्या पहलवी भाषेतले: 'देवान'. अर्थ लेखागार, कागदपत्रांची जागा, दप्तरखाना. याच्या पहिल्या भागात जुना फारसी 'दिपि' हा शब्द आहे असे बहुतेक अभ्यासक मानतात. दुसऱ्या भागाची फोड वेगवेगळी करतात. 'घर' किंवा 'जागा' अशा अर्थाचा शब्द तिथे असावा, हे मत जास्त मान्य आहे. 'दिपि' म्हणजे लेख, शिलालेख. इराणी सम्राट पहिला दारियस याच्या बेहिस्तून लेखात, इ.स.पू. ५२०च्या सुमारास, तो कोरलेला सापडतो. तिथून मागे गेलो तर एलामी 'तुप्पि', त्याआधी अक्कडी 'तुप्पु' आणि सर्वांत मागे सुमेरी 'दुब', म्हणजे लिहायची मातीची पाटी. मेसोपोटेमियातल्या कारकुनाच्या हातातल्या ओल्या मातीच्या पाटीपर्यंत हा धागा जातो.

हा 'दिपि' आपल्याही ओळखीचा आहे. अशोकाच्या शिलालेखांपैकी वायव्य टोकाचे, आजच्या पाकिस्तानातल्या शाहबाजगढी आणि मानसेहरा इथले लेख खरोष्ठी लिपीत आहेत, आणि त्यांत धर्मलेखासाठी 'दिपि' हाच शब्द आहे. इतर ठिकाणच्या ब्राह्मी लेखांत त्याच जागी 'लिपि' येतो. पाणिनीच्या सूत्रात (३.२.२१) 'लिपि' आणि 'लिबि' अशी दोन्ही रूपे आहेत. संस्कृत परंपरा लिपीचा संबंध 'लिप्', म्हणजे सारवणे-माखणे, या धातूशी लावते. वायव्येकडून आलेल्या 'दिपि'वर या धातूची छाप पडून 'लिपि' झाला, हे स्पष्टीकरण मला अधिक पटते, कारण द ते ल हा बदल नेमका इराणच्या सीमेपासून आत येताना दिसतो.

त्याच 'दिपि'चे आणखी एक अपत्य मराठी इतिहासात ठळक आहे. दिपि धारण करणारा तो पहलवी 'दिबीर', फारसी 'दबीर', म्हणजे लेखनिक. शिवकाळात परराज्यांशी पत्रव्यवहार आणि वकिलाती पाहणारा अधिकारी 'डबीर' म्हणवला जाई. १६७४च्या राज्याभिषेकाच्या वेळी पदनामे संस्कृत झाली तेव्हा डबीराचा 'सुमंत' झाला, पण आडनावात डबीर अजून आहेत. 'दप्तर' मात्र या घराण्यातला नाही. तो ग्रीक 'दिफ्थेरा' म्हणजे कातडे, चर्मपत्र, यापासून फारसी-अरबीतून आला. डबीर आणि दिवाण मातीच्या पाटीवरून आले, दप्तर चामड्यावरून. अर्थ जवळ आले म्हणून मूळ एक ठरत नाही, याचे हे चांगले उदाहरण.

आता अरबीकडे. सातव्या शतकात खलीफा उमरच्या काळात, इ.स. ६४०च्या सुमारास, जिंकलेल्या प्रदेशांचा पैसा मदीनेत येऊ लागला आणि तो कोणाला किती वाटायचा हा प्रश्न उभा राहिला. त्यासाठी तनखा मिळणाऱ्यांची नावनिशीवार यादी केली गेली: टोळी कोणती, इस्लाम कधी स्वीकारला, रक्कम किती. या यादीला 'दीवान' म्हटले. पहलवीतला 'ए' अरबीत नव्हता, म्हणून देवानचा दीवान झाला. पुढे यादी ठेवण्याची कचेरीही दीवान झाली, आणि मग कोणतेही सरकारी खाते. इराकमधल्या महसुली वह्या तोवर फारसीत आणि सीरियातल्या ग्रीकमध्ये लिहिल्या जात; इ.स. ७००च्या आगेमागे, खलीफा अब्द अल-मलिकच्या काळात, त्या अरबीत आल्या. शब्द फारसीच राहिला.

इथे एक लोकव्युत्पत्ती सांगितली जाते, ती वेळीच बाजूला ठेवावी. चौदाव्या शतकातला इतिहासकार इब्न खल्दून ती नोंदवतो: इराणच्या राजाने कारकून तोंडाने पुटपुटत हिशेब करताना पाहिले आणि तो म्हणाला, 'दीवाने!', म्हणजे वेडे. दुसरा पर्यायही तो देतो, की कारकून सैतानासारखे चलाख म्हणून 'देव'चे अनेकवचन. दोन्ही गोष्टी ऐकायला छान आहेत, व्युत्पत्ती म्हणून निकामी आहेत. 'दीवाना' हा वेगळा शब्द: 'देव' म्हणजे इराणी भाषांत दुष्ट शक्ती, तिने झपाटलेला तो दीवाना. आपला 'देव' आणि हा इराणी 'देव' मुळात एकच. तिकडे धर्म बदलला आणि अर्थ उलटला. म्हणजे मराठी 'दिवाणा' देवाच्या नात्यातला आहे, 'दिवाण' लिपीच्या. एकाच शहरातली दोन वेगळी घराणी.

सीमाशुल्काचा अर्थ बंदरांत तयार झाला. अरब बंदरात उतरणाऱ्या परक्या व्यापाऱ्याचा दीवानाशी पहिला संबंध यायचा तो मालाची नोंद आणि कर घेणाऱ्या कचेरीत. अंदलुसी, म्हणजे मुस्लिम स्पेनमधला, प्रवासी इब्न जुबैर ११८३मध्ये अलेक्झांड्रियाला उतरला. त्याच्या वर्णनात बोटीवरच्या प्रवाशांची नावे लिहून घेणे, सगळे सामान दीवानात नेणे, अंगझडती आणि शपथा हे सारे तक्रारीच्या सुरात आलेले आहे. अशा ठिकाणी इटालियन व्यापाऱ्याच्या कानावर रोज पडणारा शब्द म्हणजे दीवान. सिसिलीतल्या नॉर्मन राजांनीही अरबी कारकून आणि अरबी खाती तशीच चालू ठेवली आणि त्यांच्या लॅटिन कागदांत 'दुआना', 'दोआना' ही रूपे येऊ लागली. पुढे इटालियनमध्ये 'दोगाना', फ्रेंचमध्ये 'दुआन'. व्हेनिसच्या 'दोजे'शी दोगानाचा संबंध लावतात, तो चुकीचा. दोजे लॅटिन 'दुक्स'पासून, म्हणजे नेता.

स्पॅनिशमध्ये 'आदुआना' आहे, आणि त्याच्या पहिल्या 'आ'कडे लक्ष द्यावे. अरबीत 'अल' हे उपपद द, स, र, न यांसारख्या वर्णांपूर्वी आपला 'ल' सोडून पुढच्या वर्णात मिसळते. अल-दीवान असे न म्हणता अद्-दीवान म्हणतात. स्पेनमध्ये शब्द उपपदासकट घेतला गेला, इटलीत बिनउपपदाचा. अरबीतून युरोपात गेलेल्या अनेक शब्दांत हा फरक दिसतो, आणि शब्द कोणत्या वाटेने गेला ते ओळखायला तो फार उपयोगी पडतो.

गोव्याच्या वाचकांसाठी इशारा. पोर्तुगीजांच्या काळात जकातनाक्याला 'आल्फांदेगा' म्हणत. त्यात 'आ' आहे, 'द' आहे, अर्थही तोच, म्हणून तोही दीवानाचाच असे वाटू शकते. तो अरबी 'अल-फुंदुक'पासून आहे: व्यापाऱ्यांची धर्मशाळावजा वखार. व्यापारी आणि माल दोन्ही तिथेच उतरत, कर तिथेच घेतला जाई, म्हणून अर्थ सरकला. आणि आपली 'जकात' तिसऱ्याच मुळाची, धर्मदायासाठी असलेल्या अरबी शब्दापासून. एकाच नाक्याला तीन भाषांनी तीन वेगळ्या दारांतून नावे दिली.

कवितेचा अर्थ वरच्या यादीतूनच फुटला. 'कविता हा अरबांचा दीवान' असे अरबीत जुने वचन आहे: टोळ्यांच्या वंशावळी, लढाया, मानापमान यांची नोंद कवितेत राहते. पुढे एका कवीच्या कवितांचे एकत्र बाड म्हणजे त्याचा दीवान. फारसी-उर्दूत यालाही कचेरीसारखी शिस्त आहे. गझला लिहिल्याच्या क्रमाने लावत नाहीत, विषयानेही नाही. प्रत्येक गझलेच्या काफिया-रदीफचे, म्हणजे यमकाचे आणि त्यामागे पुन्हापुन्हा येणाऱ्या शब्दाचे, शेवटचे अक्षर पाहून वर्णानुक्रमे लावतात. अलिफने संपणाऱ्या आधी, ये ने संपणाऱ्या शेवटी. त्यामुळे दीवानातली पहिली गझल ही कवीची पहिली गझल समजणे चूक आहे. मराठी लेखांत ही चूक नेहमी दिसते. 'कुल्लियात' वेगळे: त्यात कवीचे सर्व प्रकारचे लेखन येते.

या अर्थाचे दख्खनशी नाते घट्ट आहे. गोवळकोंड्याचा सुलतान मुहम्मद कुली कुतुबशाह (१५६५–१६१२) हा दखनी-उर्दूतला पहिला साहिब-ए-दीवान, म्हणजे स्वतःचा दीवान असलेला कवी, मानला जातो. औरंगाबादच्या वलीचा दीवान १७२०च्या सुमारास दिल्लीत पोचला आणि तिथल्या फारसीत लिहिणाऱ्या कवींना आपल्या बोलीत गझल लिहिता येते याचा नमुना मिळाला. गालिबचा उर्दू दीवान दिल्लीत प्रथम छापला गेला १८४१मध्ये. त्याआधी, १८१९मध्ये, गोएटेने हाफिजच्या प्रभावातून लिहिलेल्या जर्मन संग्रहाच्या नावातही हाच शब्द घेतला होता.

हिंदुस्थानात शब्द आला तो आधी खात्याच्या अर्थाने. दिल्लीच्या सुलतानांकडे दीवान-ए-अर्ज लष्कराचे, दीवान-ए-इन्शा पत्रव्यवहाराचे, दीवान-ए-विजारत अर्थखात्याचे होते. मुहम्मद तुघलकाने शेतीवाढीसाठी दीवान-ए-कोही काढले. तेव्हा दीवान म्हणजे माणूस नव्हे, खाते. मुघल काळात तो महसुलाच्या प्रमुखाचे पदनाम झाला. कचेरीच्या नावाने कचेरीतल्या माणसाला हाक मारणे आपल्याकडेही चालतेच, 'पोलीस आले' म्हणतो तसे. सुभ्यात दोन समांतर अधिकारी असत: सुभेदार किंवा नाझिम याच्याकडे फौज आणि गुन्हे, दिवाणाकडे वसुली. अकबराच्या अखेरच्या वर्षांत प्रांतिक दिवाण सुभेदाराच्या हाताखालून निघून थेट केंद्रीय दिवाणाला जबाबदार झाले. दख्खनमध्ये औरंगजेब सुभेदार असताना, १६५०च्या दशकात, मुर्शिद कुली खान या दिवाणाने जमीनधाऱ्याची घडी बसवली. पुढे बंगालचा दिवाण झालेला मुर्शिद कुली खान वेगळा. दोघांना एक समजून लिहिलेले मजकूर आढळतात.

'दिवाणी' दाव्याचा उगम या विभागणीतच आहे. जमीन, वारसा, देणेघेणे यांचे तंटे महसुलाला चिकटलेले, म्हणून ते दिवाणाकडे. मारामारी, चोरी, खून फौजदाराकडे. १२ ऑगस्ट १७६५ला मुघल बादशहा शाह आलमने ईस्ट इंडिया कंपनीला बंगाल, बिहार, ओरिसाची 'दिवाणी' दिली, बदल्यात वर्षाला २६ लाख रुपये. कागदावर तो वसुलीचा अधिकार होता, पण त्यासोबत दिवाणाकडचे न्यायकामही आले. १७७२मध्ये वॉरन हेस्टिंग्जने जिल्हावार दिवाणी आणि फौजदारी अदालती बसवल्या आणि विशेषणे कायमची चिकटली. मुंबई इलाख्यातही सदर दिवाणी अदालत होती. १८६२ला मुंबई उच्च न्यायालय सुरू झाले तेव्हा ती त्यात विलीन झाली. आज 'दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८' किंवा 'दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर' लिहिताना मुघल सुभ्याची ती वाटणीच आपण वापरत असतो.

संस्थानांत दिवाण म्हणजे मुख्य प्रधान. हैदराबादला पहिला सालारजंग १८५३ ते १८८३ दिवाण होता. बडोद्याला १८७४मध्ये दादाभाई नौरोजी, त्यानंतर १८७५ ते १८८२ टी. माधवराव, जे कुंभकोणमच्या मराठी घराण्यातले. म्हैसूरला १९१२ ते १९१८ विश्वेश्वरय्या. खासगीतही हे पद होते: सावकार किंवा खोताचा हिशेब आणि कूळवसुली पाहणारा तो 'दिवाणजी'.

आता जुने कागद वाचणाऱ्यांसाठी, कारण गफलती जास्त तिथेच होतात. सतराव्या-अठराव्या शतकातल्या मराठी महजरांत, म्हणजे सभेतल्या निवाड्याच्या कागदांत, आणि पत्रांत 'दिवाण' म्हणजे बहुतेक वेळा एखादा मंत्री नसतो. तो अर्थ 'सरकार' असा असतो. 'दिवाणांत भरणा केला' म्हणजे सरकारात पैसे भरले. 'दिवाणदेणें' म्हणजे सरकारी देणे. निवाड्यांत 'गोत' आणि 'दिवाण' अशी जोडी येते: एकीकडे गावकरी-वतनदारांची सभा, दुसरीकडे राजसत्तेचे अधिकारी. इथे 'दिवाण'चे भाषांतर 'प्रधान' केले की निवाड्याचा अर्थच बिघडतो, कुठल्या तरी न घडलेल्या मंत्र्याची हजेरी इतिहासात लागते. ओळखायची खूण साधी आहे. शब्दाआधी व्यक्तीचे नाव किंवा 'राजश्री' आहे का पाहावे. असेल तर पदनाम. नसेल, आणि शब्द 'दिवाणांत', 'दिवाणांतून', 'दिवाणास' अशा विभक्तीत भरणा, हुकूम, दंड यांच्याजवळ असेल, तर सरकार.

मराठवाड्यातल्या जुन्या जमिनीच्या कागदांत आणखी एक चकवा आहे. हैदराबाद संस्थानात जमिनीचे मोठे विभाग होते: दिवाणी किंवा खालसा, म्हणजे सरकार थेट वसूल करते ती, सर्फ-ए-खास, म्हणजे निजामाची खासगी, आणि जहागिरी. १९४९मध्ये सर्फ-ए-खास दिवाणीत विलीन झाली आणि जहागिरीही रद्द झाल्या. म्हणून त्याआधीच्या कागदात 'मौजे अमुक, दिवाणी' असे दिसले, तर त्या गावाबद्दल कोर्टात दावा चालू होता असे समजू नये. ते गाव सरकारी वसुलीतले होते, एवढेच त्यात सांगितले आहे. वारसनोंदीचा किंवा वतनाचा मागोवा घेणाऱ्याचा या एका शब्दाने बराच वेळ वाया जाऊ शकतो.

'दिवाणखाना' आणि पलंगवाला 'दिवाण' यांचे नाते उलटे समजले जाते: दिवाण ठेवलेली खोली तो दिवाणखाना. तसे नाही. दिवाणखाना म्हणजे दरबार किंवा कारभार जिथे चालतो ते दालन. शनिवारवाड्यात 'थोरल्या रायांचा दिवाणखाना' होता तो याच अर्थाने, आणि तेव्हा पलंगाला कोणी दिवाण म्हणत नव्हते. घरगुती बैठकीची खोली हा अर्थ त्यातून खाली उतरला. पलंगाची वाट वेगळी: उस्मानी तुर्कांच्या दीवानात, म्हणजे मंत्रिमंडळाच्या दालनात, भिंतीकडेने गाद्या-तक्के घातलेली सलग बैठक असे. युरोपीय लोकांनी दालनाचे नाव बैठकीला दिले. अठराव्या शतकात ते फ्रेंच-इंग्रजीत पाठ नसलेल्या लांब कोचासाठी रुळले, रशियनमध्ये तर 'दिवान' म्हणजे साधा सोफाच. मराठी घरांत हा अर्थ इंग्रजीतून फर्निचरसोबत आला आणि इथे त्याला खाली सामान ठेवायचा खणही मिळाला.

इतर भाषांत काय शिल्लक आहे ते थोडक्यात. इराणात सर्वोच्च न्यायालयाच्या नावात दिवान आहे. आखाती देशांत राजाचे कार्यालय दीवान, आणि कुवेतमध्ये पुरुषांच्या संध्याकाळच्या बैठकीची जागा 'दिवानिया'. मलेशिया-इंडोनेशियात 'देवान' म्हणजे सभा, म्हणून 'देवान रक्यात' हे मलेशियाच्या लोकसभेचे नाव. मलायात आणि बंगालीत पहिला स्वर 'ए' आहे, तो जुन्या फारसी उच्चाराची आठवण ठेवतो. टांझानियाच्या स्वाहिलीत 'दिवानी' म्हणजे नगरसेवक, आणि कवितासंग्रहही. पंजाबीत गुरुद्वाऱ्यात जमलेल्या संगतीला दीवान म्हणतात.

या यादीत एक घुसखोर नेहमी घातला जातो: फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या 'दिवान' शाळा. १९७७पासून त्या ब्रेटन भाषेतून शिकवतात. तो ब्रेटन शब्द आहे, अर्थ 'अंकुरणे', आणि त्याचा इराणशी किंवा दिपिशी काही संबंध नाही.

अशा शब्दांची शहानिशा करताना मी तीन गोष्टी पाहतो, आणि तिन्ही जुळल्याशिवाय नाते मान्य करत नाही. पहिली, दोन भाषा बोलणारे लोक त्या काळी खरोखर भेटत होते का, आणि कुठे: बंदरात, कचेरीत, छावणीत. दुसरी, उच्चारातला बदल त्याच भाषेत इतर शब्दांतही दिसतो का. स्पॅनिश 'आदुआना'त तो दिसतो, म्हणून ते टिकते. तिसरी, अर्थाच्या प्रत्येक पायरीचा तारीख लागणारा पुरावा आहे का. संस्कृत 'दिव्' धातूपासून दिवाण काढायचा मोह याच तिसऱ्या ठिकाणी अडकतो: फारसी राजवटींच्या आधीच्या कोणत्याही संस्कृत किंवा प्राकृत ग्रंथात या अर्थाने तो शब्द भेटत नाही. शेवटचा 'ण' पाहून तो देशी वाटतो, पण 'ण' मराठीने इथे आल्यावर दिला. हिंदी, उर्दू, गुजराती, तिन्हींत 'न' आहे.